ओलं मिथेनॉल आणि सॅपो-३४ : प्रकल्पाच्या नोंदी

१२ जून

काम असं आहे. सॅपो-३४ (अगदी बारीक छिद्रांचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअ‍ॅक्शन घडवून आणणारा पदार्थ) स्वतः बनवायचा, त्याच्यावरून मिथेनॉलची वाफ सोडायची, आणि इथिलीन-प्रॉपिलीन किती मिळतं, कॅटॅलिस्ट किती वेळ टिकतो ते मोजायचं. आधी कोरड्या मिथेनॉलवर आणि मग पाणी मिसळलेल्या मिथेनॉलवर. आमचा सगळा जीव त्या दुसऱ्या भागात आहे.

पाणी कशाला, तर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल बनवलं की मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू तयार होतोच. वजनाने बघितलं तर १०० ग्रॅममध्ये ६४ मिथेनॉल आणि ३६ पाणी. आइसलंडमध्ये २०१२ साली भू-औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करायला सुरुवात झाली (रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओलाह यांचं नाव दिलेला प्लांट), म्हणजे हे आता कागदावरचं राहिलेलं नाही. पण ते पाणी ऊर्ध्वपातनाने काढायला उष्णता लागते, आणि गंमत म्हणजे पुढे ऑलेफिन (इथिलीन, प्रॉपिलीन वगैरे) बनवताना मिथेनॉल पुन्हा पाणीच सोडतं. १ किलो मिथेनॉलमधून जास्तीत जास्त ४३८ ग्रॅम हायड्रोकार्बन, बाकी ५६२ ग्रॅम पाणी. मग आधी एवढी ऊर्जा घालून ते कोरडं करायचंच कशाला, तसंच ओलं घातलं तर काय बिघडतं, हे बघायचंय.

१४ जून

जेल बनवलं. अ‍ॅल्युमिनासाठी स्यूडोबोहमाइट, ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, कोलॉइडल सिलिका आणि टेम्प्लेट म्हणून (ज्याच्याभोवती क्रिस्टलची पोकळी घडते तो रेणू) ट्रायइथाइलअमिन. टीईएओएच, म्हणजे टेट्राइथाइलअमोनियम हायड्रॉक्साइड, जास्त चांगलं हे माहीत होतं, पण या सगळ्या यादीत सगळ्यात महाग तेच, म्हणून पहिली बॅच स्वस्तात.

स्यूडोबोहमाइट एकदम ओतलं की अ‍ॅसिडमध्ये गोळे होतात आणि ते नंतर काही केल्या फुटत नाहीत. चमचा चमचा घालायचं, मध्ये थांबायचं. सिलिका त्यानंतर, टेम्प्लेट सगळ्यात शेवटी आणि तेही थेंब थेंब कारण मिश्रण चांगलंच तापतं. हे सगळं हूडमध्येच करा, अमिनचा सडक्या मासळीसारखा वास कपड्यातून जात नाही.

ऑटोक्लेव्हचा (जेल तापवायच्या, दाब सोसणाऱ्या बंद भांड्याचा) टेफ्लॉन लायनर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. २०० डिग्रीला नुसत्या पाण्याचाच दाब १५ बारच्या पुढे जातो, वर अमिनचा वेगळा.

१७ जून

ऑटोक्लेव्ह पूर्ण थंड झाल्यावरच उघडला. पावडर फिल्टर पेपरवर घेतली तर पेपर लगेच चोंदला, क्रिस्टल फार बारीक आहेत. फिल्टरचा नाद सोडा, सरळ सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी ओतून टाकायचं, परत पाणी घालायचं, हलवायचं, परत फिरवायचं, वरच्या पाण्याचा पीएच ७-८ च्या आसपास येईपर्यंत.

१९ जून

एक्सआरडी (क्ष-किरणांनी क्रिस्टल ओळखायची चाचणी) आला. ९.५ डिग्रीचा मोठा पीक आहे, १२.९, १६ आणि २०.६ चेही आहेत, म्हणजे सॅपो-३४ नक्की झालाय, पण ७.४ ला एक आगंतुक पीक आहे. तो सॅपो-५, त्याच कुळातला दुसरा क्रिस्टल. ट्रायइथाइलअमिनवर ही जुनीच तक्रार आहे.

थोडासाच आहे तर चालवून घेऊ असं एकाने सुचवलं. पण नाही चालत. सॅपो-३४ चं दार ८ अणूंच्या कड्याचं, साधारण ३.८ अँगस्ट्रॉम, त्यातून इथिलीन, प्रॉपिलीन आणि सरळ साखळीवाले ब्युटीन बाहेर पडतात आणि बेंझिनची कडी आतच अडकतात. सॅपो-५ चं दार १२ अणूंच्या कड्याचं, ७.३ अँगस्ट्रॉम, त्यातून मिथाइल लागलेली बेंझिनंसुद्धा आरामात निघतात. म्हणजे प्रॉडक्टमध्ये जड माल दिसला तर तो कोणाचा हे कळायला मार्गच राहत नाही. बॅच बाजूला ठेवली.

२५ जून

दुसरी बॅच टीईएओएचवर. प्रमाण मोलमध्ये असं: अ‍ॅल्युमिना १, फॉस्फरस पेंटॉक्साइड १, सिलिका ०.३, टीईएओएच २, पाणी ७०. पाणी मोजताना टीईएओएचच्या द्रावणातलं, अ‍ॅसिडमधलं आणि कोलॉइडल सिलिकामधलं पाणीसुद्धा धरायचं, ३५ टक्क्यांच्या द्रावणात उरलेलं ६५ टक्के पाणीच असतं. इथे बऱ्याच जणांचं गणित चुकतं आणि जेल जास्त पातळ होतं.

७.४ चा पीक गेला. महाग टेम्प्लेट परवडलं म्हणायचं, कारण फुकट गेलेल्या बॅचमध्ये ओव्हनचा वेळ, मशीनचा वेळ आणि धुण्याची सगळी मेहनत जाते ती कोणी हिशोबात धरत नाही.

२७ जून

कॅल्सिनेशन, म्हणजे टेम्प्लेट जाळून छिद्रं मोकळी करणं. ५५० डिग्री, ६ तास, हवेत, मिनिटाला १ डिग्रीने चढवलं. क्रूसिबलमध्ये पावडर जरा जास्तच भरली गेली होती. वरून पांढरीशुभ्र दिसत होती, पण स्पॅच्युलाने ढेकूळ फोडलं तर आत राखाडी गाभा, कडेला फिकट आणि मध्ये पेन्सिलीच्या शिशासारखा. तो अर्धवट जळलेल्या टेम्प्लेटचा कार्बन. वरवर पांढरं दिसलं म्हणून पुढे जाऊ नका, एक ढेकूळ फोडून बघाच. सपाट बोटमध्ये पातळ थर पसरून परत भट्टीत घातलं, हवेचा फ्लो वाढवला, मग आतबाहेर सारखं पांढरं झालं. पृष्ठफळ ग्रॅममागे ५५० चौरस मीटरच्या वर आलं, समाधान वाटलं.

१ जुलै

रिअ‍ॅक्टर जोडला. आधी स्टीलची नळी लावली होती, आत फक्त सिलिकॉन कार्बाइड (स्वतः काही न करणारी भर), कॅटॅलिस्ट नाही, आणि मिथेनॉल ४५० डिग्रीला सोडून बघितलं. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू वेगळे करून मोजणारं मशीन) मिथेन दिसला. गरम स्टीलवर मिथेनॉल फुटतं, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि थोडा मिथेन देतं, त्यातलं पहिलं दोन्ही एफआयडीला (जीसीच्या ज्योतीवर चालणाऱ्या डिटेक्टरला) दिसतच नाही, म्हणजे कार्बनचा ताळा लागत नाही आणि का ते कळत नाही. क्वार्ट्झची नळी लावली, मिथेन जवळजवळ गेला. ब्लँक रन केल्याशिवाय कॅटॅलिस्ट भरूच नका. कंटाळवाणं असतं पण नंतरचे सगळे आकडे त्याच्यावर उभे असतात.

भट्टीचा डिस्प्ले आणि बेडमधला (नळीत भरलेल्या थरातला) थर्मोकपल यांच्यात चांगला फरक आहे. इथून पुढे लिहिलेलं तापमान बेडचं.

३ जुलै

पावडर हलक्या दाबाने दाबून टिकल्या केल्या, फोडल्या, ४० आणि ६० मेशच्या चाळण्यांमधला माल घेतला (२५० ते ४२५ मायक्रॉन). ०.३ ग्रॅम कॅटॅलिस्ट, त्यात चारपट सिलिकॉन कार्बाइड. ही रिअ‍ॅक्शन उष्णता सोडते, मोकळा कॅटॅलिस्ट भरला तर बेडच्या तोंडाशी तापमान उडी मारतं.

मिथेनॉल बबलरमधून. ३० मिली/मिनिट नायट्रोजन मिथेनॉलमधून बुडबुडत जातो आणि वाफ घेऊन येतो, स्वस्त आणि मस्त.

४ जुलै

स्वस्त आहे, मस्त नाही. सकाळचा रन आणि दुपारचा रन जुळेना, दुपारी कॅटॅलिस्ट फार लवकर मरत होता. जीसीवर शंका घेतली, गळती बघितली, सगळे जॉइंट साबणाच्या पाण्याने तपासले, कुठेच काही नाही. शेवटी बबलरशेजारी थर्मामीटर लटकवला तेव्हा उलगडा झाला.

२० डिग्रीला मिथेनॉलचा बाष्पदाब १३ किलोपास्कल असतो, २५ ला जवळपास १७. ३० मिली नायट्रोजनवर हिशोब केला तर २० डिग्रीला तासाला ०.३५ ग्रॅम मिथेनॉल जातं आणि २५ ला ०.४८. म्हणजे खोली पाचच डिग्री तापली तर फीड एक तृतीयांशाहून जास्त वाढतो! कॅटॅलिस्टच्या वजनावर काढलेला वेग तासाला १.२ वरून १.६ वर जातो. बबलर २० डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये बुडवला आणि बबलरपासून रिअ‍ॅक्टरपर्यंतच्या लाइनला हीटिंग टेप गुंडाळली. रिअ‍ॅक्टरनंतरच्या लाइनलासुद्धा, १५० डिग्रीवर, नाहीतर पाणी मधेच कुठेतरी थंड होऊन साचतं आणि मिथेनॉल त्यात विरघळून बसतं. जॉइंटपाशी टेप अर्धा इंच जरी सुटली तरी तिथे थेंब धरतात, हात लावून बघा (हातमोजा घालून).

८ जुलै

पहिला भरवशाचा रन. ४०० डिग्री. मिथेनॉल पूर्ण संपतंय, इथिलीन आणि प्रॉपिलीन मिळून कार्बनच्या हिशोबाने ८० टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीला थोडा प्रोपेनही दिसतो, नंतर तो कमी होत जातो. जसजसा वेळ जातो तसं इथिलीन वाढतं आणि प्रॉपिलीन घटतं, कारण पिंजऱ्यात (क्रिस्टलमधल्या पोकळीत) कोक, म्हणजे कार्बनी काजळी, साचतो, जागा कमी होते, आणि लहान रेणूलाच बाहेर पडायला सोपं जातं. मग पाचेक तासांनी डीएमई, म्हणजे डायमिथाइल इथर, उगवलं. तिथून पुढे अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपला.

डीएमई दिसणं हीच मरणाची खूण धरायची. डीएमईला प्रॉडक्ट समजू नका, ते न वापरलं गेलेलं मिथेनॉलच आहे, फक्त दोन रेणूंतून एक पाणी निघालेलं. कन्व्हर्जन (किती मिथेनॉल बदललं ते) काढताना दोघांची बेरीज घ्या.

९ जुलै

कालचे आकडे आज बदलावे लागले. जीसीच्या पीकचं क्षेत्रफळ तसंच घेऊन टक्केवारी काढली होती, पण एफआयडी ऑक्सिजन लागलेल्या कार्बनला नीट मोजत नाही. डीएमईमध्ये दोन कार्बन असून तो साधारण एकाएवढाच सिग्नल देतो, मिथेनॉलचंही तसंच. म्हणजे कॅटॅलिस्ट मरायला लागल्यावर न बदललेलं मिथेनॉल निम्म्यानेच दिसतं आणि कॅटॅलिस्ट आहे त्यापेक्षा जास्त जिवंत वाटतो. मिथेनॉल आणि डीएमईचे रिस्पॉन्स फॅक्टर (ठराविक मालाला मशीन किती सिग्नल देतं ते) आमच्याच मशीनवर काढले, कोणाच्या पेपरमधून उचलले नाहीत.

१० जुलै

कोक जाळला. आधी नायट्रोजनने लाइन पूर्ण धुवायची, मगच हवा. मिथेनॉलची वाफ हवेत ६ पासून ३६ टक्क्यांपर्यंत कुठेही पेट घेऊ शकते आणि ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही, त्यामुळे इथे घाई अजिबात नको. सुरुवातीला नायट्रोजनमध्ये थोडीच हवा मिसळली, तरी बेडचं तापमान चढलंच, ते स्थिरावल्यावर पूर्ण हवा, ५५० डिग्री. काळा बेड वरून खाली उजळत गेला. क्वार्ट्झच्या नळीचा हा फायदा, डोळ्यांनी दिसतं.

काही तासांच्या कामासाठी पुन्हा पुन्हा जाळावं लागतं म्हणूनच मोठ्या प्लांटमध्ये सॅपो-३४ फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (वायूने उचलून खेळत्या ठेवलेल्या पावडरीत) फिरवतात, एकीकडे रिअ‍ॅक्शन, दुसरीकडे कोक जाळणं, अखंड. चीनमध्ये बाओटौला २०१० साली सुरू झालेला पहिला मोठा प्लांट असाच आहे, दालियनच्या संस्थेच्या डीएमटीओ (मिथेनॉलपासून ऑलेफिन) तंत्रावर, वर्षाला १८ लाख टन मिथेनॉलमधून ६ लाख टन ऑलेफिन. फिक्स्ड बेडमध्ये (आमच्यासारख्या जागच्या जागी बसलेल्या थरात) हे काम करायचं तर झेडएसएम-५, हा दुसरा बारीक छिद्रांचा कॅटॅलिस्ट, लागतो, तो कोकला जास्त वेळ तोंड देतो, पण त्यात प्रॉपिलीनवर भर असतो.

२२ जुलै

मोठा फटका. कॅल्साइन केलेला उरलेला माल झाकणाच्या बाटलीत कपाटात होता. त्यातलाच काढून भरला तर सुरुवातीपासूनच डीएमई! तापमान तेच, फीड तोच, जीसी ठीक. एक्सआरडी काढला तर ९.५ चा पीक पार बसलेला, पृष्ठफळही निम्म्याच्या खाली.

हवेतल्या दमटपणाने केलं हे. टेम्प्लेट जाळून टाकलेला सॅपो-३४ साध्या खोलीच्या तापमानाला पाणी ओढतो आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-अ‍ॅल्युमिनियमचे जोड हळूहळू सुटायला लागतात. विचार करा, हाच माल ६००-७०० डिग्रीच्या वाफेत तग धरतो, आणि कपाटात बाटलीत बसून मरतो. गरम वाफ त्याला सोसते, गार पाणी सोसत नाही. बाटलीचं झाकण रोज उघडलं जात होतं आणि हवा दमट होती, एवढं पुरलं.

आता नियम असा केलाय: साठवायचं ते टेम्प्लेटसकटच, कारण पिंजरे भरलेले असले की पाणी आत शिरत नाही. लागेल तेवढंच कॅल्साइन करायचं, भट्टी १५० वर आली की गरमागरमच डेसिकेटरमध्ये (दमटपणा शिरू न देणाऱ्या बंद भांड्यात), आणि शक्यतो त्याच दिवशी रिअ‍ॅक्टरमध्ये. टिकल्या टेम्प्लेट असतानाच पाडून ठेवायच्या म्हणजे उघड्या हवेतलं काम आधीच झालेलं असतं. रिअ‍ॅक्टरमध्ये गेल्यावर ४५० डिग्रीला कोरड्या नायट्रोजनमध्ये तासभर, मग मिथेनॉल.

२६ जुलै

आता ओलं मिथेनॉल. बबलर इथे कामाचा नाही, मिथेनॉल लवकर उडतं आणि पाणी मागे राहतं, त्यामुळे मिश्रण दर मिनिटाला बदलतं. सिरिंज पंप लावला.

पहिल्याच दिवशी जीसीचे पीक वरखाली नाचायला लागले. पंप बरोबर आहे, पण बारीक नळीचं तोंड फार गरम जागी होतं. मिथेनॉल ६४.७ डिग्रीला उकळतं, पाणी १०० ला, नळीच्या आतच मिथेनॉल उडून जायचं, मागचं पाणी साचायचं आणि मग एकदम भसकन बाहेर. नळी मागे ओढली, तोंड ५०-६० डिग्रीच्या जागी आणलं, आणि पुढे १५० डिग्रीच्या भागात बारीक सिलिकॉन कार्बाइड भरलं, थेंब त्याच्यावर पसरून हळू उडतो. नळीचं टोक त्याला टेकलेलं हवं, लोंबकळत ठेवलं तर थेंब मोठा होऊन पडतो आणि पुन्हा तेच. यात बराच वेळ गेला, पण पीक आता सरळ आहेत.

३० जुलै

तुलना करताना एक गोष्ट सांभाळायला लागते. नुसतं पाणी वाढवलं तर मिथेनॉल आपोआप पातळ होतं, आणि पातळ झालं की कोक तसाही कमी होतो. मग श्रेय पाण्याचं की पातळ होण्याचं? म्हणून कोरडा रनसुद्धा पंपानेच केला, मिथेनॉल तासाला ०.३५ ग्रॅम, नायट्रोजन ३० मिली. ओल्या रनमध्ये मिथेनॉल तेवढंच, सोबत तासाला ०.२ ग्रॅम पाणी, आणि पाण्याची वाफ मिनिटाला ४.४ मिली होते तेवढा नायट्रोजन कमी केला, २५.६. एकूण फ्लो तोच, मिथेनॉलचा आंशिक दाब तोच, फक्त काही नायट्रोजनच्या जागी पाणी. एवढं केल्याशिवाय निघालेल्या निष्कर्षाला अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

२ ऑगस्ट

ओल्या रनमध्ये डीएमई कोरड्यापेक्षा स्पष्टपणे उशिरा आलं, पाचाच्या जागी जवळपास सात तास. इथिलीनचा वाटा थोडा जास्त. वेगळ्या बॅचच्या कॅटॅलिस्टवरही तसंच. कोक टीजीएवर (तापवत वजनातली घट मोजणारं मशीन) बघितला, ४०० ते ७०० डिग्रीमधली घट धरली, २०० च्या आधीची घट म्हणजे पाणी, ती सोडून दिली. मेलेल्या कॅटॅलिस्टवर दोन्हीकडे कोक १५ ते २० टक्क्यांमध्येच, पण ओल्याने तिथपर्यंत पोचायच्या आधी जास्त मिथेनॉल पचवलं. पाणी आम्लाच्या जागांवर (कॅटॅलिस्टच्या आत जिथे रिअ‍ॅक्शन घडते तिथे) गर्दी करतं, त्यामुळे कोकच्या दिशेने जाणारी पुढची पायरी मंदावते. हे जुन्या कामांशी जुळतं, पण स्वतःच्या नळीत बघितल्याचा आनंद वेगळाच.

३ ऑगस्ट

ओला रन बंद करताना आधी पंप बंद, मग ४०० डिग्रीवरच कोरडा नायट्रोजन तासभर, त्यानंतरच भट्टी खाली आणायची. पाणी चालू असताना किंवा लाइनमध्ये उरलेलं असताना रिअ‍ॅक्टर १०० च्या खाली गेला की कॅटॅलिस्ट पुन्हा त्याच गार पाण्यात बसला, २२ जुलैचं सगळं परत. रात्री वीज गेली तर नायट्रोजन तरी चालू राहावा म्हणून त्याच्या लाइनवर, मास फ्लो कंट्रोलरला (वायूचा प्रवाह सांभाळणाऱ्या विजेच्या यंत्राला) वळसा घालून, हाताने उघडायची सुई व्हॉल्व्ह लावली आहे आणि ती थोडी उघडीच ठेवतो.

७ ऑगस्ट

कोक जाळून तोच बेड पुन्हा ओल्या फीडवर, एकामागून एक. वेळ अजून टिकून आहे, एक्सआरडीत ९.५ चा पीक शाबूत. पुढे झेडएसएम-५ याच सेटिंगवर घालायचाय, ०.३ ग्रॅम, पाण्याचं प्रमाण तेच, पण ४५० डिग्रीला. तिथे भीती कोकची नाही, वाफेने अ‍ॅल्युमिनियम सांगाड्यातून निघून जायची आहे, आणि ते कोकसारखं जाळून परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी कोक जाळल्यावर थोडा माल काढून अमोनिया टीपीडी (अमोनिया शोषवून, मग तापवत सुटलेला मोजायची चाचणी) करणार, आम्लाच्या किती जागा उरल्या ते बघायला. त्यासाठी बेड सुरुवातीलाच जास्त भरावा लागेल, आणि टीपीडीच्या मशीनची वेळ आत्ताच मागून ठेवलीय.